पहिल्या साली खाल्लं काय

माझ्या आयुष्यात मी एकच व्याख्यान असं दिलं की ज्याला सबंध सभागृहानं टाळ्या वाजवल्या, आणि नेमकं तेच आठवलं की मला अजून मान खाली घालावीशी वाटते. विषय होता अमेरिकेतली गुलामगिरीची लढाई. गाव खामगाव. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, शाळा तपासायला साहेब नागपुराहून यायचे, आणि मी तिथल्या एका हायस्कुलात इतिहास शिकवणारा सव्वीस वर्षांचा मास्तर होतो. सव्विसाव्या वर्षी माणसाला आपण फार शहाणे आहोत असं वाटतं, तसं मलाही वाटत होतं. पुढं केस गेले, दात गेले, पण ते शहाणपण नेमकं कधी गेलं हे काही सांगता येणार नाही.

हा विषय मी उगाच निवडला नव्हता. खामगावात कापसाचा धंदा करणाऱ्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारलं तर तो सांगायचा की अमेरिकेत गोरे लोक आपसात लढले, तिकडचा कापूस अडला, आणि विलायतेच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे तोंड वळवलं. त्या चारपाच वर्षांत इथं पैसाच पैसा झाला. माझे आजोबा त्याच सुमाराला नाशकाकडून एका अडत्याकडे कारकुनीला म्हणून आले आणि इथंच राहिले. म्हणजे आमच्या घरची चूल एका परीनं त्या लढाईवरच पेटली होती. पण ते लोक लढले कशासाठी, हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायची गरजही कुणाला पडली नव्हती. वाचनालयाच्या व्याख्यानमालेत माझं नाव आलं तेव्हा मी ठरवलं, हेच सांगायचं.

एका निवृत्त वकिलांकडून मी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मागून आणलं. दिवाळीची सुट्टी त्यात घातली आणि मराठीत टिपणं काढून खाकी पुठ्ठ्याची एक वही भरली. वहीचे दोन भाग होते. पहिल्या भागात गुलामांची विक्री, फटके, कापसाची शेतं, लढाई आणि शेवटी चर्चच्या घंटा वाजून झालेली सुटका. दुसरा भाग सुटकेनंतरचा. तो लिहिताना मीच चक्रावलो होतो, कारण मला वाटायचं की सुटले म्हणजे झालं. तिथं तसं झालं नव्हतं. चाळीस एकर जमीन आणि नांगराला एक खेचर मिळणार अशी आशा त्या लोकांना लागली होती. काही जणांना जमिनीचे तुकडे मिळालेही, आणि मग सरकारनं ते काढून पुन्हा जुन्या मालकांच्या हवाली केले. पोटासाठी माणसं त्याच मालकांच्या शेतात अर्धेलीनं राबायला गेली. काम नसलेला माणूस दिसला की त्याला धरून तुरुंगात टाकायचे आणि तिथून कामाला लावायचे, असे कायदे झाले. सुटलेल्यांनी उभारलेल्या शाळा तोंडं झाकून आलेल्या गोऱ्यांनी जाळल्या. तरी त्यांनी पुन्हा शाळा बांधल्या, आणि म्हातारी माणसं नातवांच्या शेजारी बसून अक्षरं गिरवू लागली. हे सगळं मी नीट, खाली रेघा मारून लिहून ठेवलं होतं.

व्याख्यानाची हस्तपत्रकं छापली आणि गावभर लावली. एक पत्रक कापसाच्या गठाणी बांधणाऱ्या प्रेसच्या फाटकावरही लागलं होतं. माझा शाळेचा रस्ता त्या फाटकावरूनच जायचा. पत्रकं लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिथं एका माणसानं मला थांबवलं.

त्याला मी तोंडओळखीनं ओळखत होतो. हंगामात तो प्रेसमध्ये असायचा आणि गठाणींवर काळ्या रंगानं नंबर आणि मार्के रंगवायचा. पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर बसऱ्यापर्यंत जाऊन आला होता, त्यामुळे सगळे त्याला पलटणवालाच म्हणायचे. लिहायला-वाचायला तिथंच शिकलेला. चाळिशी उलटलेली, अंगात पलटणीतला खाकी कोट, कोपरावर ठिगळ. जातीनं महार, म्हणून माझ्यापासून चार हात लांब उभा राहिला आणि तिथून फौजी सलाम ठोकला. मी त्याच्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान. तो मला ‘तुम्ही’ म्हणाला, मी त्याला ‘तू’ म्हणालो, आणि यात काही वावगं आहे असं त्या वेळी माझ्या ध्यानातही आलं नाही.

“मास्तर, तो कागद तुमचा हाय का? गुलामाच्या लढाईचा?”

“हो, माझाच. का रे?”

“त्या लोकाइले सोडलं म्हणते.”

“सोडलं तर. त्यासाठीच तर लढाई झाली.”

“मंग सुटल्यावर पह्यल्या साली त्याइनं खाल्लं काय?”

मला हसू आलं. महिनाभर मी ज्याला त्याला या विषयावर पकडून बोलत होतो, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. वकिलांनी विचारला नव्हता, हेडमास्तरांनी विचारला नव्हता. खरं सांगायचं तर माझ्या स्वतःच्या डोक्यातही तो इतका सरळ आला नव्हता.

मग त्यानं कारण सांगितलं. उंद्रीच्या पलीकडे दोन कोसांवर त्याचं खेडं. तिथं त्याच्या लोकांची पंधरा-वीस घरं. गावात कुणाचं ढोर मेलं की ते ओढून न्यायचं, सांगावे घेऊन कोसच्या कोस पळायचं, चावडीपुढं लाकडं टाकायची, ही कामं पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यावर. त्याबद्दल सुगीच्या वेळी खळ्यावर ज्वारी मिळायची आणि रोज दारोदार फिरून शिळ्या भाकरी. आता तरुण म्हणत होते की हे काम आजच टाकायचं. म्हातारे म्हणत होते की गाव दाणा बंद करील, दळण बंद करील, वेचणीला बोलावणार नाही, मग पोरंबाळं जगवायची कशी? येत्या अमावस्येला सगळ्यांनी बसून ठरवायचं होतं.

“मी त्याइले म्हणलं, येक देश हाय, तिथं असं झालेलं हाय. मास्तर सांगून राह्यले त्याबद्दल. त्याइले इचारून येतो, मंग ठरवू. तुमच्या पुस्तकात हाय ना मास्तर, सुटल्यावर काय झालं थे?”

“आहे की. सगळं आहे. अर्धी वही त्याच्यावरच आहे.”

“मंग मी येऊ का ऐकाले?”

इथं मी जरा अडखळलो. वाचनालयात त्याच्या लोकांना येऊ देत नसत. तसा फलक नव्हता, पण कुणी येतही नसे. मी म्हणालो, “असं कर, दक्षिणेकडच्या खिडकीखाली बस. मी मुद्दाम मोठ्यानं बोलेन.”

“हाव,” तो म्हणाला आणि सलाम करून गेला. मी मोठ्यानं बोलायचं कबूल केलं म्हणून स्वतःवरच खूश होऊन शाळेत गेलो. त्या दिवशी वर्गात मी फार छान शिकवलं.

व्याख्यानाच्या आदल्या दिवशी अध्यक्षांनी मला घरी चहाला बोलावलं. हे कापसाचे बडे व्यापारी, दोनतीन गावांत त्यांची शेती, शिवाय आमच्या शाळेच्या कमिटीवर. माणूस तसा दिलदार. हातात वही घेऊन त्यांनी ती सावकाश चाळली, पहिल्या भागावर मान डोलावली, दुसऱ्या भागापाशी आल्यावर चष्मा काढला.

“मास्तर, लेक्चर झकास होणार. पण हे जमिनीचं काऊन काढता?”

“पुढं तसं घडलं म्हणून,” मी म्हणालो.

“घडलं असन ना. पण ऐकणारे आपले लोक. कोणाच्या घरी सालदार हाय, कोणाच्या प्रेसमध्ये मजूर हाय. उगाच डोक्यात भलतं काही जायाले नको. घंटा वाजल्या, सुटले, आनंदीआनंद झाला, असं म्हणा अन् बसा खाली. अन् हो, त्या लढाईनं आपल्या खामगावाचं भलं झालं, त्याचेही दोन शब्द येऊ द्या.”

माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. पण त्या भल्या माणसानं नोकरीचा ‘न’सुद्धा काढला नव्हता. तो मीच मनातल्या मनात काढला आणि म्हणालो, “वेळही कमीच आहे म्हणा.” मग आम्ही दोघांनी चहा घेतला. त्यांच्याकडच्या चिवड्यात शेंगदाणे भरपूर असायचे हे मला आजही आठवतं. पलटणवाल्याची मला तिथं एकदाही आठवण झाली नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल. झाली होती. त्याला मागाहून कधीतरी सांगता येईल, अशी मी मनाची समजूत घातली.

व्याख्यान संध्याकाळी पाचला सुरू झालं. मार्गशीर्षाचे दिवस, ऊन लवकर उतरायचं. हॉल भरलेला होता. पुढच्या रांगेत वकील, डॉक्टर, अडते, मागे माझे विद्यार्थी. दक्षिणेकडची खिडकी उघडी होती आणि तिच्या खालच्या चौकटीवर एका खाकी कोटाचा खांदा दिसत होता. कबूल केल्याप्रमाणे मी मोठ्यानं बोललो. आईपासून तोडून विकलेल्या लेकरांचं सांगितलं. बोंडांच्या काट्यांनी बोटं रक्ताळलेल्या बायांचं सांगितलं, तेव्हा मागून कुणीतरी च्‌च्‌ केलं. आपल्याकडे वेचणीच्या दिवसांत बायांची बोटं कशी होतात हे त्या हॉलमधल्या प्रत्येकानं पाहिलेलं होतं, पण च्‌च्‌ तिकडच्या बायांसाठी होतं. मला ते तेव्हा खटकलं नाही. उलट रंग भरतोय म्हणून मला हुरूप आला.

मी शेवटाकडे येत होतो. पुढच्या रांगेतल्या एका वकिलांनी मफलर गळ्याभोवती आवळला आणि खिडकीकडे बोट दाखवलं. गार वारा येत होता, खोटं कशाला सांगू. कुणीतरी उठलं, खिडकी ओढली आणि कडी घातली. मी ते पाहिलं. मी त्या वेळी एका लांब वाक्याच्या मध्यावर होतो. कुणीही माणूस जन्मानं दुसऱ्याच्या पायाखाली ठेवलेला नसतो, अशा काहीतरी आशयाचं ते वाक्य होतं. ‘खिडकी उघडी राहू द्या’ एवढे चार शब्द मधे घालता आले असते. पण वाक्याची लय बिघडली असती. मी वाक्य पुरं केलं.

मग घंटा वाजवल्या, त्यांना सोडवलं आणि खाली बसलो. टाळ्या थांबेनात. अध्यक्षांनी समारोप केला, त्या लढाईनं खामगावावर केलेले उपकार मानले आणि माझ्या गळ्यात शेवंतीचा हार घातला. बाहेर आलो तेव्हा खिडकीखाली कुणी नव्हतं. मला हायसं वाटलं, आणि हायसं का वाटलं याचा विचार करत बसलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या घरी आला. आमचं घर एका बोळात होतं, पुढं चार पायऱ्या आणि ओटा. तो पायऱ्यांच्या खाली, गटाराच्या पलीकडे उभा होता. काखेत पडशी, डोक्याला मुंडासं, गावाला निघाल्याच्या तयारीनं आलेला.

“मास्तर, लई साजरं बोलले तुमी,” तो म्हणाला. “त्या लेकराइचं ऐकलं तवा माह्या डोयात पानी आलं. पण मंग कोनीतरी खिडकी लावली. खान्याचं काही ऐकू नाही आलं.”

आता इथं मला सांगता आलं असतं की खिडकी उघडी असती तरी तुला काही ऐकू आलं नसतं, कारण ते मी बोललोच नाही. हे वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पण खिडकीनं मला आयती पळवाट दिली होती आणि मी ती घेतली.

“हो ना,” मी म्हणालो, “खिडकी लावली नाही का त्यांनी.”

“परवा आवस हाय. मी आता निंगालो गावाले. दोन शब्दात सांगता का?”

शाळेला अजून तासभर होता. दोन शब्दांतच काय, दोनशे शब्दांत सांगता आलं असतं. पण समोरच्या ओट्यावर आमचे शेजारी दात घासत बसले होते आणि त्यांचं सगळं लक्ष आमच्याकडे होतं. दारात एका महाराशी इतका वेळ कसलं बोलणं, हे त्यांनी दुपारपर्यंत चार घरी नेलं असतं. मला एकदम मार्ग सुचला आणि तो फार थोर वाटला.

“असं तोंडी सांगून काय उपयोग? तुला वाचता येतं ना? माझी वहीच घेऊन जा. दुसरा भाग वाच, तुझ्या लोकांना वाचून दाखव. आठ दिवसांनी आणून दे.”

त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरलेलो नाही. आनंद म्हणावा तर तेवढंच नव्हतं. एक पूर्ण वही, लिहिलेली, पुराव्याची, बैठकीत सगळ्यांपुढं उघडून दाखवता येईल अशी. तो पटकन गटार ओलांडून पायऱ्यांपाशी आला.

मी आत जाऊन वही आणली. तो तळच्या पायरीखाली उभा होता. मी दोन पायऱ्या उतरलो. त्यानं उजवा हात सरळ पुढं केला, पलटणीत एकमेकांकडून वस्तू घेतात तसा. आमच्याकडे तसा हात कुणी पुढं करत नसे. दुकानदार पुडी पायरीवर ठेवायचा, आणि भाकर द्यायची तर ती वरून पदरात सोडायची, हात हाताला लागता कामा नये. लहानपणापासून हे मी इतक्या वेळा पाहिलं होतं आणि इतक्या वेळा केलं होतं की ते कुणी शिकवल्याचंही आठवत नव्हतं. कॉलेजात सहभोजनाच्या बाजूनं मी वादविवादात बोललो होतो आणि बक्षीसही मिळवलं होतं. मी स्वतःला सुधारक समजत होतो.

त्याचा हात वहीपर्यंत पोचायला वीतभर अंतर होतं तेव्हा मी वही सोडली.

मी ठरवून सोडली नाही. बोटं आपसूक उघडली. वही त्याच्या बोटांना चाटूनसुद्धा गेली नाही, सरळ खाली पडली, तळच्या पायरीच्या कडेला आपटली आणि गटारालगतच्या धुळीत उलटी उघडी पडली. त्याचा हात तसाच पुढं राहिला होता.

त्यावेळी मी वाकून ती उचलायला हवी होती हे आता कुणीही सांगेल. मी वाकलो नाही. आणि नुसता वाकलो नाही असंही नाही, तो वाकेल म्हणून मी वाट पाहत उभा राहिलो. खाली टाकलेली वस्तू त्यानं उचलायची, एवढंच पुढचं मला माहीत होतं. आई त्या वेळी देवळात गेलेली होती, त्यामुळे तिच्या धाकानं झालं असं म्हणायचीही सोय नाही. शेजाऱ्यांवर ढकलावं तर दात घासून ते केव्हाच आत गेलेले होते. पायऱ्यांवर आम्ही दोघंच होतो.

त्यानं हात हळूच मागे घेतला. वहीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. गठाणीवरचा मार्का नीट उमटला की नाही हे तो ज्या नजरेनं बघायचा, तशी ती नजर होती.

“राहू द्या, मास्तर,” तो म्हणाला. “सुटल्यावर पुढं काय झालं, समजलं मले.”

गटार ओलांडून तो बोळातून निघून गेला. जाताना त्यानं सलाम केला नाही.

त्यानंतर त्या हंगामात तो प्रेसवर दिसला नाही. मी फाटकावरून जाताना मान वळवायचो नाही, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचो. गठाणींवर दुसराच कुणीतरी नंबर रंगवत होता आणि त्याचे आकडे वाकडे यायचे. इकडे माझी नोकरी कायम झाली. व्याख्यानाचं नाव इतकं झालं की मलकापूरहून बोलावणं आलं, आणि मी तिथं जाऊन तेच व्याख्यान पुन्हा दिलं. तिथंही घंटेपाशीच थांबलो.

पुढच्या वर्षी हुरड्याच्या दिवसांत माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी मला गावी बोलावलं. ते पाटील, आणि गाव तेच होतं, उंद्रीच्या पलीकडे दोन कोसांवरचं. नाव ऐकल्यावर मी आधी नाही म्हणालो, मग हो म्हणालो. निघताना खाकी वही पिशवीत घातली. या वेळी ती त्याच्या हातात द्यायची, दोन्ही हातांनी द्यायची, असं मी रस्ताभर घोकत होतो. बैलगाडी हळू चालत होती, त्यामुळे घोकायला वेळ भरपूर मिळाला.

शेतात आगटी पेटली होती, ज्वारीची कोवळी कणसं भाजून चोळत होते, सोबत तिळाची चटणी आणि गूळ. ओढ्याच्या पलीकडे काही घरं दिसत होती आणि त्यांच्यावर धूर होता. मी पाटलांना सहज विचारल्यासारखं विचारलं, “तुमच्या गावचा एक पलटणीतला माणूस आमच्या प्रेसवर असायचा. तो दिसत नाही आता?”

पाटील हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं. “त्याचं नाव नका काढू, मास्तर. त्यानंच तं सगळं घडवलं. मागच्या साली आवसेले त्याइची बैठक झाली अन् गावाले येका शब्दानं बोलले नाहीत. सुगीत खळ्यावरची जवारी मुकाट घेऊन गेले. बाया लांबच्या गावाले वेचणीले जाऊन दाने घेऊन आल्या, मानसं प्रेसवरून मजुरीचे पैसे घेऊन आले. घराघरात कनग्या भरल्या. घरोघर जातंसुद्धा बसवलं, दयन अडू नये म्हणून. अन् मंग येका सकाळी चावडीवर येऊन सांगते, आजपासून मेलेलं ढोर आमी ओढनार नाही.”

“मग?” मी विचारलं.

“मंग काय! गावानं दाना बंद केला, काम बंद केलं, रस्ता बंद केला. चार महिने. वाटलं, येतीन पाया पडत. कोन येते! माहाच बैल मेला तं दोन दिवस गोठ्यात पडून होता, शेवटी आमच्या पोराइनं नाकाले फडकं बांधून ओढला.” पाटलांनी कणसावर जोरानं थाप मारली. “येवढी अक्कल आली कुठून त्याले, मले अजून समजलं नाही. दाना बंद होईन हे त्याले कितीक महिने आधी ठाऊक होतं. मास्तर, तुमी शिकले-सवरले, तुमी सांगा, कोनी शिकवलं असन त्याले?”

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी हुरडा चघळत राहिलो आणि म्हणालो, “कोण जाणे.”

त्याला मी शिकवलं असं मानून मनाला थोडा आराम द्यावा, असा एक विचार गाडीत परतताना माझ्या मनात येऊन गेला. इतका निर्लज्ज विचार मी फार वेळ जवळ ठेवू शकलो नाही. त्याला जे ठाऊक होतं ते त्याच्या जन्मापासून ठाऊक होतं. माझ्याकडे तो फक्त खात्री करून घ्यायला आला होता. मी तोंडानं काही सांगितलं नाही, वही दिली नाही, आणि तरीही त्याची खात्री पटली. ती कशानं पटली हे पाटलांना सांगायची माझी हिंमत झाली नाही.

ओढा काही मोठा नव्हता, घोट्याएवढं पाणी. पलीकडच्या घरांपर्यंत फार तर पाच मिनिटांची वाट. पाटील सोबत होते, त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी होता, दिवस कलत होता, आणि गाडीवान घाई करत होता. मी गाडीत बसलो. वही पिशवीतून बाहेर निघाली नाही.

ती अजून माझ्यापाशी आहे. पुठ्ठ्याचा एक कोपरा आपटून चेपलेला आहे आणि दुसऱ्या भागाच्या तीनचार पानांवर धुळीचा तपकिरी डाग आहे. मुलांना मी या वहीची गोष्ट सांगितली आहे, नातवंडांनाही सांगितली. वही हातातून सुटली, असं सांगतो. ऐकणाऱ्याला वाटतं, चुकून सुटली.

एक गोष्ट मात्र आजवर कुणालाच सांगितलेली नाही. त्या सकाळी तो बोळाच्या टोकाशी वळून दिसेनासा झाल्यावर मी वाकलो आणि वही उचलली. धूळ झटकताना माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की बरं झालं, त्यानं हात लावला नाही, आता ही तशीच घरात नेता येईल. लाज मागाहून वाटली.